विचारलेलं उत्तर

पिस्ता आइस्क्रीमची वाटी टेबलावर आली तेव्हा हर्षदाबाई टिळेकर अजून खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या.

"मी अजून काही मागवलं नाही," त्या म्हणाल्या.

"आजी, हेच मागवणार होता की," वाढणारी बाई म्हणाली.

"मागवणार होते आणि मागवलं, यात फरक असतो."

"असंल बाई. आमचं मेनूकार्ड बंद होऊन लई वर्षं झाली. आता ते कुठं शोधायला जाऊ?" असं म्हणत ती पुढच्या टेबलाकडे वळली. तिथे गिऱ्हाईक यायच्या आधी दोन डोसे मांडून ठेवायचे होते.

समोर बसलेल्या तृप्ती मगदूम यांचा चमचा फालुद्यात बुडालासुद्धा होता. दोघी विश्रामबागेतल्या एकाच इमारतीत समोरासमोर राहत. शाळेपासूनची मैत्री. "खा की गं मुकाट्यानं," तृप्ती म्हणाली. "जन्मभर पिस्ताच खात आलीयस. आज काय अंगात आलंय?"

"श्रीरंगला पिस्ता आवडायचा. नवराबायकोला दोन वेगळे कशाला, म्हणून मी म्हणायचे, मला काहीही चालेल."

"मग तुला आवडत नाही?"

हर्षदाबाई चमचा हातात धरून थांबल्या. आवडत होतं की नव्हतं, तेच त्यांना सांगता येईना.

त्या हॉटेलातच नव्हे, साऱ्या देशात आता कुणी कुणाला फारसं काही विचारत नसे. गरजच उरली नव्हती. सरकारदरबारी त्या यंत्रणेचं नाव 'अनुमान सेवा' होतं. लोक तिला मनकवडा म्हणत. मनकवडा कुणाच्या डोक्यात शिरत नसे. तो फक्त बघे आणि लक्षात ठेवी. माणूस काय विकत घेतो, कुठल्या रस्त्याने जातो, कुठल्या शब्दाला अडखळतो, मनगटावरच्या पट्टीत त्याची नाडी केव्हा वाढते. पावसाचा अंदाज करायला ढगाच्या मनात काय आहे ते कळावं लागत नाही. वारा, उष्मा आणि दमटपणा मोजला की भागतं. माणसाचंही तसंच निघालं. त्याच्या सवयींचा पुरेसा साठा जमला, की त्याचं पुढचं उत्तर त्याच्या तोंडून निघायच्या आधीच सांगता येऊ लागलं.

त्यातून गृहीत उत्तराचा कायदा आला. मतदान असो, शस्त्रक्रिया असो, घर विकायचं असो, आधी मनकवड्याला विचारायचं. त्याची खात्री सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर असली तर माणसाला त्रास द्यायचा नाही. उत्तर नोंदवून मोकळं व्हायचं. तरुणांच्या बाबतीत ही खात्री खाली-वर होई. म्हाताऱ्यांच्या बाबतीत ती क्वचितच ढळे, कारण त्यांच्या सवयी मुरलेल्या असत. त्यामुळे साठी उलटली, की माणसाला प्रश्न येणंच बंद होई. पुष्कळांना त्यात सुख वाटे. गेल्या निवडणुकीत तृप्तीचं मत ती आंघोळीला गेली असताना पडलं होतं, आणि केस पुसत बाहेर आल्यावर ती म्हणाली होती, "बरं झालं बाई, उन्हात जायला नको."

त्याच संध्याकाळी हर्षदाबाईंच्या मुलाचा, निनादचा, पुण्याहून फोन आला.

"आई, छान बातमी आहे. सांजवस्तीत तुझी खोली पक्की झाली. टेकडीवर, आमच्यापासून अगदी जवळ. पाडवा झाला की सामान न्यायला माणसं येतील."

सांजवस्ती म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी बांधलेली वसाहत. जागा चांगली होती, हे सगळेच म्हणत.

"मी कधी हो म्हटलं?" हर्षदाबाईंनी विचारलं.

निनाद गोंधळला. "नोंद झाली की. अठ्ठ्याण्णव टक्के खात्री होती. आई, विचारलं असतं तर तू होच म्हणाली असतीस ना?"

"मग विचारायचं होतंस."

"उत्तर माहीत असताना विचारायचं म्हणजे नाटक नाही का? तूच तर आयुष्यभर म्हणत आलीस, तुम्ही ठरवाल ते मला चालेल."

तो खोटं बोलत नव्हता, आणि वाईटही नव्हता. फोन ठेवल्यावर हर्षदाबाई कितीतरी वेळ गॅलरीत बसून राहिल्या. त्यांच्या लहानपणी कुणाच्याही घरी गेलं, की चहाला पहिल्यांदा नको म्हणायची रीत होती. नको म्हणून उठायचं मात्र नसायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला उगाच' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की अर्धा कप. जे तिसऱ्यांदा विचारायचे ते आपले. 'मला काहीही चालेल' हेही तसंच होतं. त्याचा अर्थ, माझ्या मनात काहीतरी आहे, जरा खोदून विचारा.

मनकवड्याचं तसं पाहिलं तर चुकलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं असतं तर त्या 'चालेल' म्हणाल्या असत्या. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर गप्प राहिल्या असत्या. आणि तिसऱ्यांदा विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, नाही रे बाळा, मला माझं घर सोडायचं नाही. मनकवडा पहिलं उत्तर अचूक ओळखत होता आणि तिथेच थांबत होता.

रविवारी त्यांची भाची चार्वी आली. चार्वी गणिती होती, अनुमान सेवेच्या संशोधन शाखेत. तिने भराभर दोन लाडू संपवले आणि मावशीचं म्हणणं ऐकून घेतलं.

"हर्षामावशी, ते उत्तर कायद्याने तुझंच आहे गं. तुझंच उत्तर तुला कसं खोडता येईल? फक्त मनकवड्याची खात्री खाली आली तर नोंद आपोआप रद्द होते."

"मग आण खाली."

"मी नाही आणू शकत. तूच आणायची. त्याला वाटलंही नसेल असं वागायचं."

"एवढंच? आत्ता वागते."

दुसऱ्या दिवशी हर्षदाबाई नेहमीच्या रस्त्याऐवजी मागच्या गल्लीने फिरायला गेल्या. बटाट्याच्या दिवशी दुधी केला. पुढच्या दिवशी अजून एक गल्ली धरली. आठवडा संपायच्या आत मनकवडा रोज सकाळी भाजी धाडी त्या दारात येणाऱ्या चाकांच्या पेटीत न मागता दुधी येऊन पडला, आणि फिरायला निघाल्यावर मनगटावरची पट्टी गोड आवाजात म्हणाली, "मागच्या गल्लीत आज खोदकाम आहे, आजी. जपून."

चार्वी फोनवर हसत सुटली. "माणसाला उगाच वागता येत नाही, मावशी. वाटतं आपण मनाला येईल तसं चाललोय. कुणालाही म्हण, एक ते दहामधला एक आकडा सांग. कितीतरी जण सात म्हणतात. डावीकडे गेलेला माणूस पुढच्या वेळी मुद्दाम उजवीकडे जातो. उगाचपणालासुद्धा वळण असतं, आणि वळण दिसलं की तो पकडतो."

आकड्यांचा विषय निघाला तशी हर्षदाबाईंना जुनी गोष्ट आठवली. त्या शाळेत भूगोल शिकवत तेव्हा इंटरनेटवर एक साधं पान असायचं. इथपासून इथपर्यंत असं सांगायचं, बटण दाबायचं, की मधला कुठलाही एक आकडा समोर. तोंडी परीक्षेला कुणाला उठवायचं ते त्या तसं ठरवत. 'बाई मलाच उठवतात' ही तक्रार त्यामुळे बंद झाली. हळदीकुंकवाला हाउजी खेळायची तर आकडे तिथूनच. सहलीच्या बसमध्ये खिडकी कुणाला, पहिली बॅटिंग कुणाची, दिवाळीत आधी नणंदेकडे जायचं की बहिणीकडे. श्रीरंगशी वाद झाला की त्या म्हणत, टाका आकड्यावर. आकड्याशी कुणी भांडत नसे. त्याला कुणाची बाजूच नव्हती.

त्यांनी फोनमध्ये तसलंच एक पान शोधून काढलं. बारा भाज्यांना बारा आकडे दिले आणि रोज सकाळी बटण दाबू लागल्या. थोडे दिवस मजेत गेले. मग एका सकाळी त्यांनी बटण दाबलं, दोडका आला, आणि दार उघडून पाहतात तर पेटीत दोडका.

या वेळी चार्वी स्वतः आली. हसली नाही.

"फोनमधले आकडे उगाच नसतात, मावशी. आत एक कृती असते. पहिली संख्या घ्यायची, तिला आम्ही बीज म्हणतो. बीजाला एका भल्यामोठ्या संख्येने गुणायचं, उत्तरातले थोडे अंक ठेवायचे, बाकीचे टाकून द्यायचे. झाला नवा आकडा. त्याच्यावर पुन्हा तेच. बघणाऱ्याला कसलीच संगती लागत नाही. पण ज्याला बीज ठाऊक आहे तो पुढचे सगळे आकडे घडाघडा म्हणून दाखवेल. तुझा फोन बीज घड्याळावरून घेतो. घड्याळ मनकवड्याकडेही आहे."

"म्हणजे तोही माझ्यासारखाच. स्वतःला स्वतंत्र समजणारा."

चार्वीने मावशीकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "एक खरा आहे. डोंगरावरच्या एका जुन्या वेधशाळेत काही हौशी मंडळी चालवतात. पान फुकट आहे. त्याला कणकौल म्हणतात."

"कुणाचा कौल?"

"प्रकाशाच्या कणाचा. एक आरसा घ्यायचा, अर्धा प्रकाश आरपार सोडणारा आणि अर्धा परतवणारा. त्याच्यावर प्रकाशाचा एकच कण सोडायचा. कण काही अर्धा होत नाही. एकतर पलीकडे जातो, नाहीतर मागे फिरतो. गेला तर एक, फिरला तर शून्य. अशी एक-शून्यांची माळ जमली की तिचा आकडा करायचा."

"आणि कण कुठे जाईल ते मनकवड्याला कळत नाही?"

"कुणालाच नाही."

"यंत्र अजून मोठं केलं तर?"

"तरी नाही. माहिती कमी पडते म्हणून नाही गं. आम्हाला जेवढं कळलंय त्यावरून, ती माहिती जगात कुठे नसतेच. कण आरशाला भिडेपर्यंत त्याचं उत्तर तयारच झालेलं नसतं."

हर्षदाबाईंनी समाधानाने मान डोलावली. "म्हणजे गृहीत न धरता येणारं असं जगात कुणीतरी आहे तर. दे तो पत्ता."

त्यानंतरचे महिने त्या इमारतीने पाहिले नव्हते असे गेले. हर्षदाबाई कणकौलाला सगळं विचारत. कुठली साडी, कुठली भाजी, कुठल्या नंबरची बस. एक नियम त्यांनी कसोशीने पाळला: बटण एकदाच दाबायचं. आवडला नाही म्हणून आकडा परत मागितला, की ती आपलीच निवड झाली आणि मनकवड्याला वास लागला. म्हणून लागोपाठ कारलं आलं तर कारलं खाल्लं. भर उन्हात माधवनगरच्या बसचा आकडा आला, तर गेल्या आणि तिथल्या थांब्यावर पाणी पिऊन परत आल्या. एकदा ज्या नणंदेशी कितीतरी वर्षं अबोला होता तिला फोन करायचा आकडा आला. नणंद म्हणाली, "आज कशी काय आठवण झाली?" हर्षदाबाई म्हणाल्या, "आठवण नाही हो वन्सं, आकडा आला." आणि दोघी इतक्या हसल्या की अबोला कशावरून होता तेच निघायचं राहून गेलं.

"वेड लागलंय तुला," तृप्ती म्हणायची. "काल रात्रीच्या जेवणाला शिरा आणि पापड?"

"आकडा."

"आणि ही जांभळी साडी?"

"आकडा. तू तोंड वाकडं करू नकोस, मलाही दिसते ती आरशात."

मग एके सकाळी दारातली पेटी रिकामी आली. पट्टी थोडी अडखळली आणि म्हणाली, "आजी, आज काय पाठवू?"

हर्षदाबाईंनी धावत जाऊन समोरचं दार बडवलं. तृप्ती आली, वरच्या मजल्यावरच्या दोघी आल्या. पट्टीने पुन्हा विचारलं, काय पाठवू? कितीतरी वर्षांत त्या जिन्यात कुणी असं विचारलेलं नव्हतं. हर्षदाबाईंनी मुद्दाम उत्तराला वेळ लावला.

तृप्ती मात्र मध्येच उठून घरी गेली. संध्याकाळी ती येऊन बसली. तिच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरली होती. तिची संमती गृहीत धरून तारीखही मिळाली होती.

"मला करून घ्यायचीच आहे गं," ती म्हणाली. "नातीचं लग्न बघायचंय. पण छाती माझी कापणार, आणि कापू का म्हणून एकानं विचारू नये? तो पत्ता मला पण दे."

बघता बघता आसपासच्या चार इमारतींतल्या बायका कणकौलाला लागल्या. मनकवड्याच्या पेट्या गल्लीत भलत्याच दारांपुढे घुटमळू लागल्या.

पाडवा जवळ आला तशी चार्वी धावतपळत आली. "मावशी, जिंकलीस! नोंद बदलली. सांजवस्तीला तुझं उत्तर आता 'नाही' आहे. अठ्ठ्याण्णव टक्के. कुठे जायचं नाही तुला!"

"कुणी विचारलं मला?"

"विचारायचं कशाला? तू इतके महिने हट्टाला पेटलीस, त्यावरून त्याने ओळखलं. भाजीत तो गोंधळलाय, पण घराबद्दल नाही. आता तुझं 'नाही' गृहीत धरलंय."

हर्षदाबाई हातातली वाटी खाली ठेवून बसल्या. चार्वीला वाटलं, आनंदाने.

"माझं लग्न ठरलं तो दिवस सांगते तुला," त्या म्हणाल्या. "श्रीरंग मला पसंत होता. मनापासून. बैठक चालू होती आणि मला गच्चीवरून कपडे आणायला पाठवलं. मनात घोळवत होते, विचारलं की कसं हो म्हणायचं. खाली आले तर साखर वाटून झाली होती. चाळीस वर्षं सुखाने संसार केला गं. पण ते हो माझ्याजवळच राहिलं. कुणाला देताच आलं नाही."

"पण मावशी, आता तुला हवं तेच मिळतंय."

"आज मिळतंय. उद्या तुमचं यंत्र म्हणालं की म्हातारी थकली, आता हो म्हणेल, तर?"

मनकवड्याचं गणित दर महिन्याला नव्याने मांडलं जाई, हे चार्वीला ठाऊक होतं. गृहीत उत्तर जसं न विचारता येई, तसं न विचारता जाई. "विचारलेलं उत्तर मात्र कायमचं," ती हळूच म्हणाली. "समोर बसवून विचारलं आणि तू बोललीस, तर त्या बाबतीत पुन्हा कुणाला हात लावता येत नाही."

"मग मला समोर बसवून विचारायला लावायचं. कसं?"

"त्याची खात्री मोडली तरच. म्हणजे..." चार्वीने बोलायचं थांबवलं.

"म्हणजे घरसुद्धा आकड्यावर टाकायचं," हर्षदाबाईंनी वाक्य पुरं केलं. "सम आला तर राहायचं, विषम आला तर जायचं."

"आणि खरंच जायचं, मावशी. मनात तू ठरवलं असशील की काहीही येवो, नाहीच म्हणणार, तर त्याला ते कळेल. इतक्या महिन्यांत तू एकदाही बटण दोनदा दाबलं नाहीस, म्हणून तुझ्या शब्दावर त्याचा विश्वास आहे. आणि आता तू एकटी नाहीस. तू ऐन वेळी शब्द फिरवलास तर तो शिकेल, की आकडेवाल्या बायका दुखायला लागलं की मागे फिरतात. मग या सगळ्यांची खात्री एका रात्रीत परत वर जाईल." तिने मावशीचा हात धरला. "नको ना. घर मिळालंय. राहा की गुपचूप."

"गुपचूपच राहत आले आजवर," हर्षदाबाई म्हणाल्या. मग त्या उठल्या, मनगट तोंडाशी नेलं आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऐक रे मनकवड्या. सम आला तर मी राहणार. विषम आला तर जाणार. आकडा मी तुझ्या साहेबाच्या समोर काढणार."

दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. मनकवड्याची खात्री पन्नास टक्क्यांवर येऊन बसली होती.

साठीपुढच्यांसाठीचा जिल्ह्याचा विचारणा कक्ष सरकारी इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर होता. कायदा होता म्हणून कक्ष होता. तिथे कुणी येत नसे. खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावलेल्या होत्या. विचारणा अधिकारी आवटी यांनी त्यातली एक ओढून काढली आणि रुमालाने पुसली. बाहेरच्या बाकांवर आणि जिन्यावर इमारतीतल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. कुणी हातात फोन धरला होता, कुणी पदराखाली.

"आजी, माझी ही पहिलीच विचारणा आहे," आवटी घाम पुसत म्हणाले. "काही चुकलं तर सांभाळून घ्या."

"माझीही पहिलीच आहे," हर्षदाबाई म्हणाल्या. "सावकाश होऊ दे."

आवटींनी घसा खाकरला. "श्रीमती हर्षदा टिळेकर, सांजवस्तीत राहायला जाण्यास तुमची संमती आहे का?"

प्रश्न खोलीत तसाच राहिला. हर्षदाबाईंना वाटलं, आपण उन्हात उभ्या आहोत. समोरचा माणूस खरंच त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याला उत्तर ठाऊक नव्हतं. मनकवड्यालाही नव्हतं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं, एकदाच.

आकडा विषम होता.

जिभेवर 'नाही' तयार होतं. इतकं तयार, की दात घट्ट मिटावे लागले. स्वयंपाकघराची खिडकी, गॅलरीतला झोपाळा, श्रीरंगने वाकडी ठोकलेली खुंटी, एकेक करून सगळं डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं. त्यांना फक्त बोलायचं होतं. आकडा पाळायचा कुठला करार नव्हता, शपथ नव्हती. आवटींनी 'नाही'सुद्धा तितक्याच आनंदाने लिहून घेतलं असतं.

दाराच्या काचेतून बाहेरच्या बायका दिसत होत्या. सगळ्या जणी आतच बघत होत्या.

"आहे," हर्षदाबाई म्हणाल्या. "संमती आहे."

आवटींचा चेहरा पडला. त्यांनाही कुठेतरी दुसरंच उत्तर हवं होतं असं दिसलं. पण उत्तर विचारलेलं होतं, आणि ते कायमचं नोंदलं गेलं.

बाहेर येतात तोच निनादचा फोन. "आई! मला ठाऊकच होतं, तू होच म्हणशील. मनकवडा पहिल्यापासून म्हणत होता."

"तुला ठाऊक नव्हतं," हर्षदाबाई म्हणाल्या. "दहा मिनिटांपूर्वी अख्ख्या दुनियेत कुणाला ठाऊक नव्हतं. आता गाडी केव्हा पाठवू ते मात्र मला विचार. विचारून पाठव."

निनाद आज्ञाधारकपणे म्हणाला, "केव्हा पाठवू, आई?"

"कळवते."

चार्वी भिंतीला टेकून रडत होती. "तुला जायचं नव्हतं."

"नव्हतंच."

"मग यात तू काय जिंकलीस?"

हर्षदाबाईंनी आत बोट दाखवलं. आवटी पुढची तयारी करत होते, टेबल सरळ करत होते. "त्या माणसाला आजपासून काम आहे," त्या म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती, पण बाकाची कड त्यांनी घट्ट धरली होती.

तेवढ्यात तृप्तीचं नाव पुकारलं गेलं. शस्त्रक्रियेसाठी तिनेही पट्टीला सांगून टाकलं होतं, सम आला तर हो, विषम आला तर नाही. ती उठली, पदर खांद्यावर घेतला. हर्षदाबाईंनी तिचा पदर धरला.

"तृप्ती, थांब. तू नको. तुला शस्त्रक्रिया हवीच आहे ना? गृहीत धरलीय तर धरू दे. विषम आला तर कायमचं नाही होईल. हे जिवाचं काम आहे."

"आणि तुझं घर काय भाड्याचं होतं?" तृप्ती हसून म्हणाली. "तू टाकलंस ना घर? मी मागं फिरले तर तुझं घर फुकट गेलं." तिने फोन छातीशी धरला आणि आत गेली. दार लागलं.

आतून आवटींचा आवाज आला. आता तो थोडा सराईत वाटत होता. "श्रीमती तृप्ती मगदूम, हृदयाच्या शस्त्रक्रियेला तुमची संमती आहे का?"

जिन्यावर कुजबूज थांबली. हर्षदाबाई दाराला कान लावून उभ्या राहिल्या. आतून काहीच ऐकू येईना. तृप्ती बोलत नव्हती. दूर डोंगरावर एक कण आरशाकडे निघाला होता, आणि तो पोचेपर्यंत तिच्याकडे उत्तर नव्हतं.